मतपत्रिकेआधीची निवडणूक

२१ जुलै २०२४ रोजी जो बायडेन यांनी अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. त्याआधीच्या सहा महिन्यांत राज्याराज्यांतून एक कोटीहून अधिक डेमोक्रॅट मतदारांनी त्यांना पसंती दिली होती आणि पक्षाचे जवळजवळ सगळे प्रतिनिधी त्यांच्या नावाने निवडून आले होते. पुढच्या सोळा दिवसांच्या आत याच प्रतिनिधींनी ऑनलाइन मतदानाने कमला हॅरिस यांची उमेदवारी पक्की केली. त्या वर्षीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक मतदानात, हॅरिस उभ्याच नव्हत्या. तरीही जे घडले ते पक्षाच्या नियमांत बसणारे होते.

आठ वर्षांपूर्वी रिपब्लिकन पक्षात याच्या नेमके उलट घडले होते. डोनाल्ड ट्रम्प यांनी कोणतेही सरकारी पद कधी भूषवलेले नव्हते. २०१२ चे उमेदवार मिट रॉम्नी यांनी त्यांच्याविरुद्ध जाहीर भाषण केले. बुश घराण्यातल्या दोन्ही माजी अध्यक्षांनी त्यांना पाठिंबा दिला नाही. तरी प्रायमरीच्या मतदारांनी त्यांना पुढे आणले आणि पक्षाला ते स्वीकारावे लागले. हेही नियमांत बसणारेच होते.

एकाच देशातल्या, जवळजवळ एकाच पद्धतीच्या या दोन टोकांचा अर्थ लावायचा, तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ही पद्धत कोणी एकत्र बसून आखलेली नाही. मागच्या वेळी जे बिघडले त्याची डागडुजी करता करता ती घडत गेली आहे. खरे तर उमेदवार निवडताना दोन प्रश्न विचारायला हवेत. लोकांना हा माणूस हवा आहे का? आणि ज्यांनी त्याच्याबरोबर काम केले आहे, ते त्याची हमी देतात का? अमेरिकेने कधी एका प्रश्नावर सगळा भर दिला, कधी दुसऱ्यावर. दोन्ही प्रश्नांना सारखे वजन देणारी व्यवस्था तिला अजून उभी करता आलेली नाही.

घटनेत नसलेली पायरी

१७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिताना अध्यक्ष कसा निवडावा यावर बराच खल झाला आणि इलेक्टोरल कॉलेजचा, म्हणजे राज्यांनी नेमलेल्या निर्वाचकांनी निवड करण्याचा, तोडगा निघाला. पण त्या निवडणुकीला कोण उभे राहणार, हे कोणी ठरवायचे याबद्दल घटनेत एक ओळही नाही. घटनाकारांना राजकीय पक्ष म्हणजे फुटीचे मूळ वाटत होते, त्यामुळे पक्षांची तरतूद करण्याचा प्रश्नच नव्हता. जॉर्ज वॉशिंग्टन दोनदा एकमताने निवडून आले, तोवर ही उणीव जाणवली नाही. ते बाजूला झाल्यावर पक्ष आकाराला आले आणि उमेदवार ठरवण्याचे काम काँग्रेसमधल्या त्या-त्या पक्षाच्या सदस्यांनी आपल्याकडे घेतले. त्यांच्या बैठकीला कॉकस म्हणत. उमेदवाराला जवळून ओळखणारी माणसे निवड करत होती, हा या पद्धतीचा गुण. कार्यकारी प्रमुख ठरवण्याची किल्ली संसदेच्या हाती गेली आणि लोकांना त्यात जागाच उरली नाही, हा दोष.

१८२४ साली हा दोष चव्हाट्यावर आला. कॉकसने विल्यम क्रॉफर्ड यांचे नाव जाहीर केले, पण त्या बैठकीला पक्षाचे बहुसंख्य सदस्य फिरकलेच नाहीत. अँड्र्यू जॅक्सन, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स आणि हेन्री क्ले हे आपापल्या प्रदेशाच्या बळावर उभे राहिले. जॅक्सन यांना सर्वाधिक मते मिळाली, पण बहुमत कोणालाच नव्हते. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि तिथे अ‍ॅडम्स निवडले गेले. त्यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री केले, तेव्हा जॅक्सन यांच्या समर्थकांनी सौदेबाजीचा आरोप करत देश ढवळून काढला. कॉकसची पद्धत तिथेच संपली.

तिच्या जागी अधिवेशने आली. सप्टेंबर १८३१ मध्ये अँटी-मेसोनिक या छोट्या पक्षाने बाल्टिमोरमध्ये राष्ट्रीय अधिवेशन भरवून उमेदवार निवडला आणि वर्षभरात मोठ्या पक्षांनी तोच कित्ता गिरवला. राज्याराज्यांतून प्रतिनिधी यायचे, फेरीमागून फेरी मतदान व्हायचे आणि बहुमत जमेपर्यंत वाटाघाटी चालायच्या. डेमोक्रॅटिक पक्षाने तर दोन-तृतीयांश मतांची अट घातली होती आणि ती १९३६ पर्यंत टिकली. या अटीने दक्षिणेतल्या राज्यांच्या हाती नकाराधिकार दिला. तिच्याचमुळे १८४४ मध्ये पहिल्या फेरीत साधे बहुमत मिळवूनही मार्टिन व्हॅन ब्युरेन मागे पडले आणि नवव्या फेरीत जेम्स पोक पुढे आले.

या अधिवेशनांचा हिशेब एका वाक्यात मांडता येत नाही. १८६० मध्ये शिकागोत पहिल्या फेरीत विल्यम सुअर्ड आघाडीवर होते, पण निर्णायक राज्ये ते जिंकू शकणार नाहीत असे प्रतिनिधींना वाटले आणि तिसऱ्या फेरीत अब्राहम लिंकन यांची निवड झाली. कोणता माणूस कुठे चालेल याची पारख असलेल्यांनी केलेली ती निवड होती. पण १९२० मध्ये त्याच शिकागोत, अधिवेशन अडल्यावर धुरीणांनी हॉटेलच्या खोलीत रात्री खलबते केली आणि दहाव्या फेरीत वॉरन हार्डिंग उमेदवार झाले. त्यांच्या कारकिर्दीतले घोटाळे पुढे गाजले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅट प्रतिनिधी दोन आठवडे भांडत राहिले. एकीकडे कॅथलिक असलेले अल स्मिथ, दुसरीकडे विल्यम मॅकअडू, आणि मध्ये वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅनचा निषेध करायचा की नाही यावर दुभंगलेला पक्ष. तब्बल १०३ फेऱ्यांनंतर जॉन डेव्हिस यांच्यावर तडजोड झाली आणि नोव्हेंबरमध्ये ते दणकून हरले.

मतदारांचा शिरकाव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारणावादी चळवळीने पक्षांच्या शहरी ‘बॉस’ मंडळींविरुद्ध आघाडी उघडली. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्या नेत्यांचे म्हणणे साधे होते: सार्वत्रिक निवडणुकीत लोक मत देतात, तर उमेदवार ठरवतानाही त्यांनीच मत द्यावे. यातून प्रायमरी, म्हणजे पक्षाच्या मतदारांची प्राथमिक निवडणूक, कायद्यात आली.

१९१२ मध्ये तिची पहिली मोठी कसोटी लागली. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्याच पक्षाचे विद्यमान अध्यक्ष विल्यम टाफ्ट यांना आव्हान दिले, बहुतेक प्रायमरी जिंकल्या आणि टाफ्ट यांच्या ओहायोतही त्यांना हरवले. पण पक्षयंत्रणा टाफ्ट यांच्या ताब्यात होती. वादग्रस्त जागांवर तिने टाफ्ट यांचे प्रतिनिधी बसवले आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली. रूझवेल्ट वेगळा पक्ष काढून लढले, मते फुटली आणि वुड्रो विल्सन जिंकले. प्रायमरी लोकांचा कल दाखवते, निर्णय मात्र अधिवेशन घेते, ही रीत पुढे अर्धशतकभर चालू राहिली. १९५२ मध्ये सिनेटर एस्टेस कीफॉव्हर यांनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी डेमोक्रॅट अधिवेशनाने तिसऱ्या फेरीत अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांना निवडले. एकाहून अधिक फेऱ्या लागलेले ते आजवरचे शेवटचे अधिवेशन.

प्रायमरीच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचेच राज्य असल्यामुळे तिथे प्रायमरी हीच खरी निवडणूक होती आणि तिच्यात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. पक्ष ही खासगी संस्था आहे, तिने कोणाला प्रवेश द्यावा हा तिचा प्रश्न, असा युक्तिवाद केला जाई. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्मिथ विरुद्ध ऑलराइट या टेक्सासच्या खटल्यात हा युक्तिवाद फेटाळला. उमेदवार निवडणे हा लोकशाही प्रक्रियेचाच भाग आहे, हे त्या निकालाने स्पष्ट केले. पक्ष खासगी की सार्वजनिक, हा प्रश्न मात्र आजही पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

या काळात प्रायमरीचा उपयोग धुरीणांना पटवण्यासाठी होत असे. १९६० मध्ये कॅथलिक माणूस जिंकू शकणार नाही असे म्हणणाऱ्यांना जॉन केनेडी यांनी प्रोटेस्टंटबहुल वेस्ट व्हर्जिनियाची प्रायमरी जिंकून उत्तर दिले. मतदारांनी कौल दिला आणि त्या कौलाच्या आधारे जाणत्यांनी निर्णय घेतला. दोन्ही प्रश्न एकत्र विचारण्याच्या सर्वांत जवळ अमेरिका पोहोचली असेल, तर ती याच टप्प्यावर. पण हा समतोल कुठल्याही नियमाने बांधलेला नव्हता. तो धुरीणांच्या मर्जीवर उभा होता.

१९६८

ती मर्जी १९६८ मध्ये फिरली. व्हिएतनाम युद्धाने डेमोक्रॅटिक पक्ष पेटला होता. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मते घेतली. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना थोडी अधिक मते मिळाली, पण विद्यमान अध्यक्षासाठी तो धक्काच होता. चारच दिवसांनी रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले आणि ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. जूनमध्ये कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकलेल्या रात्री केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनाने उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. ते एकाही प्रायमरीत लढले नव्हते. शहराच्या रस्त्यांवर पोलीस निदर्शकांवर लाठ्या चालवत होते आणि सारा देश ते टीव्हीवर पाहत होता.

विटलेल्या कार्यकर्त्यांना शांत करण्यासाठी पक्षाने एक आयोग नेमला. आधी सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि मग मिनेसोटाचे डोनाल्ड फ्रेझर त्याचे अध्यक्ष होते. काही राज्यांत निवडणुकीचे वर्ष उजाडण्याआधीच प्रतिनिधी ठरत, काही ठिकाणी मोजके नेते बंद दाराआड ते नेमत. आयोगाने हे बंद केले. प्रतिनिधींची निवड खुली हवी, ती निवडणुकीच्याच वर्षात व्हावी, स्त्रिया, तरुण आणि अल्पसंख्याकांना त्यात रास्त वाटा मिळावा, असे नियम झाले. सगळ्या राज्यांनी प्रायमरी घ्यावी, असे आयोगाने कुठेही म्हटले नव्हते. पण नव्या अटी पाळायचा सर्वांत सोपा मार्ग प्रायमरीचाच आहे, हे राज्यांच्या लक्षात आले. १९६८ मध्ये जेमतेम पंधरा ठिकाणी होणारी प्रायमरी दशकभरात सर्वदूर पसरली. अनेक राज्यांनी त्यासाठी कायदे बदलले आणि ते कायदे दोन्ही पक्षांना लागू असल्याने रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेवर आला. अमेरिकेच्या राजकारणातला एवढा मोठा बदल एका समितीच्या नियमावलीतून झाला.

१९७२ मध्ये खुद्द मॅकगव्हर्न नव्या नियमांवर उमेदवार झाले आणि पन्नासपैकी ४९ राज्यांत हरले. १९७६ मध्ये जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांनी दुर्लक्षित आयोवात महिनोन्‌महिने घरोघरी प्रचार केला. तिथे त्यांना साधारण २८ टक्के पाठिंबा मिळाला. ‘अजून कोणी नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या त्याहून मोठी होती. पण वृत्तपत्रांनी कार्टर यांना विजेते ठरवले आणि त्या लाटेवर ते व्हाइट हाउसपर्यंत पोहोचले. आधी जिंकलेला पुढेही जिंकतो, हा धडा तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराने गिरवला.

आजचे यंत्र

मतदार वरकरणी नावाला मत देतो, पण त्यातून निवडले जातात अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी. ठरावीक संख्येने प्रतिनिधी मिळवणारा उमेदवार होतो. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षात २,४२९ पैकी १,२१५ हा आकडा गाठायचा होता. बहुतेक राज्ये प्रायमरी घेतात, म्हणजे नेहमीसारखे गुप्त मतदान. काही ठिकाणी कॉकस असतो, म्हणजे ठरल्या वेळी शाळेत किंवा सभागृहात जमून केलेली निवड. आयोवात डेमोक्रॅट मतदार २०२० पर्यंत आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहत आणि डोकी मोजली जात. रात्रपाळीचा कामगार किंवा तान्ह्या मुलाची आई तिथे येऊ शकत नसे. प्रायमरीतही काही राज्ये फक्त पक्षाच्या नावाने नोंदणी केलेल्यांनाच मत देऊ देतात, काही कोणालाही. ही नोंदणी सरकारदरबारी होते. तिला वर्गणी लागत नाही की पक्षाचे काम. पक्षाचा उमेदवार निवडणारा माणूस पक्षाशी एवढ्या सैल धाग्याने बांधलेला असतो.

मतांचे प्रतिनिधींत रूपांतर कसे होते, यावर निकाल फिरतो. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांवर मते मिळवणाऱ्यांत प्रमाणशीर वाटणी होते. रिपब्लिकन पक्षात बऱ्याच राज्यांत पहिला येणारा सगळे किंवा बहुतेक प्रतिनिधी घेऊन जातो. २००८ मध्ये चिमुकल्या आयडाहोच्या कॉकसमध्ये बराक ओबामांनी मिळवलेली प्रतिनिधींची आघाडी, हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सीसारख्या मोठ्या राज्यात मिळवलेल्या आघाडीपेक्षा जास्त होती. २०१६ मध्ये ट्रम्प यांना साउथ कॅरोलायनात जेमतेम एक-तृतीयांश मते मिळाली आणि तिथले सगळे ५० प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. हे वाटपाचे नियम मतदानाआधी पक्षसमित्यांत ठरतात आणि सामान्य मतदाराला त्यांचा पत्ता नसतो.

त्याहून मोठा प्रश्न वेळापत्रकाचा. न्यू हॅम्पशायरची प्रायमरी १९२० पासून पहिली आहे आणि ती पहिलीच राहावी असा त्या राज्याचा कायदा आहे. सुरुवातीलाच कौल देत आलेली आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही दोन्ही छोटी, प्रामुख्याने गोरी राज्ये. २०२० मध्ये आयोवाचे निकाल अ‍ॅपच्या गोंधळात दिवसेंदिवस अडकले. त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ साठी साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला, कारण तिथे कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने आहेत. न्यू हॅम्पशायरने तरीही आधी मतदान घेतले.

उशिरा मतदान करणाऱ्या राज्यांच्या पदरी काय पडते, हे न्यू जर्सीतल्या मराठी माणसांना चांगले ठाऊक आहे. एडिसन आणि आसपासच्या भागात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. २०२४ मध्ये त्यांच्या राज्याची प्रायमरी ४ जूनला झाली. बायडेन आणि ट्रम्प या दोघांनीही आवश्यक प्रतिनिधी १२ मार्चलाच मिळवले होते. नागरिकत्वासाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या माणसाला जो निर्णय घ्यायला बोलावले, तो तीन महिन्यांपूर्वीच झालेला होता. मताचे मोल तारखेने ठरावे, हे कोणत्याही लोकशाहीला शोभणारे नाही.

पैशाबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर बाहेरच्या गटांच्या खर्चाला मर्यादा उरली नाही. तरीही २०१६ मध्ये जेब बुश यांच्या समर्थक गटाने दहा कोटी डॉलरहून अधिक जमवले आणि बुश यांना मिळाले चार प्रतिनिधी. २०२० मध्ये मायकल ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे अब्जभर डॉलरच्या घरात पैसे ओतले आणि फक्त अमेरिकन सामोआ जिंकले. पैसा उमेदवारी विकत घेत नाही. पण पैसा नसलेल्याला तो दुसऱ्या राज्यापर्यंतही पोहोचू देत नाही. म्हणून देणगीदार आधी कोणाला हेरतात, यावर मतदारांपुढे कोणती नावे येणार हे बरेचसे ठरते.

पक्षाच्या हाती काय उरले

मॅकगव्हर्न यांच्या आणि फेरनिवडणुकीतल्या कार्टर यांच्या पराभवांनंतर डेमोक्रॅटिक पक्षाला जाणत्यांची आठवण झाली. १९८४ पासून खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी ‘सुपरडेलिगेट’ म्हणून अधिवेशनात बसू लागले. ते कोणालाही मत द्यायला मोकळे होते. २०१६ मध्ये मतदान सुरू होण्याआधीच त्यांच्यातल्या शेकडोंनी क्लिंटन यांना पाठिंबा दिला, तेव्हा बर्नी सँडर्स यांचे समर्थक संतापले. क्लिंटन यांना मतेही अधिक मिळाली, पण खेळ आधीच ठरलेला आहे ही भावना गेली नाही. २०१८ मध्ये पक्षाने सुपरडेलिगेटांचा पहिल्या फेरीतला मताधिकार काढून घेतला.

२००८ मध्ये चार राज्यशास्त्रज्ञांनी ‘द पार्टी डिसाइड्स’ या ग्रंथात असे मांडले होते की, मतदानापूर्वीच्या वर्षात नेते आणि कार्यकर्ते आपसांत एका नावावर येतात आणि मतदार बहुधा त्यांच्यामागे जातात. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाने हा सिद्धांत खोटा पाडला. सतरा उमेदवारांत विरोध विखुरला. वाहिन्यांनी वादसभेचे मंच जनमत चाचण्यांच्या आकड्यांवर भरले. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कपर्यंत ट्रम्प यांना एकाही राज्यात निम्मी मते मिळाली नव्हती, तरी ते पुढेच राहिले. उलट २०२० मध्ये साउथ कॅरोलायनात खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडेन यांना पाठिंबा जाहीर केला, बायडेन जिंकले, आणि दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार यांनी माघार घेऊन त्यांच्यामागे बळ उभे केले. पुढच्या मंगळवारी चौदापैकी दहा राज्ये बायडेन यांची झाली. पक्षाने निर्णय घेतला होता, पण तो घेण्याची कोणतीही अधिकृत जागा पक्षाकडे नव्हती. चार-दोन माणसांच्या समजूतदारपणावर सगळे अवलंबून होते.

हमी देणारी यंत्रणा नसल्याची किंमत २०२४ मध्ये दिसली. जून महिन्यात ट्रम्प यांच्याबरोबरच्या वादसभेत बायडेन अडखळले, पण त्यांच्या वयाबद्दलची काळजी त्याच्या कितीतरी आधीपासून होती, पण विद्यमान अध्यक्षाला थेट सांगण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. जे काम शांतपणे दीड वर्ष आधी व्हायला हवे होते, ते चोवीस दिवसांच्या घबराटीत झाले.

दुरुस्ती कुठून

प्रायमरीने दिलेली मोठी देणगी नाकारता येणार नाही. तिने दार उघडले. ओबामांसारखा पहिल्याच मुदतीतला सिनेटर पक्षातल्या प्रस्थापितांना ओलांडून गेला, तो तिच्याचमुळे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी प्रायमरी लढवली आणि ते तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ जणांच्या प्रायमरीत ते जिंकले आणि काँग्रेसमध्ये पोहोचले. कोणाची शिफारस न लागता एका मराठी माणसाला ही वाट खुली होती. पण त्याच निकालाची दुसरी बाजूही पाहावी. त्यांना साधारण २८ टक्के मते मिळाली. डेमोक्रॅटिक बालेकिल्ल्यात पुढची निवडणूक बरीचशी औपचारिक असते. म्हणजे मतदारसंघाचा निर्णय प्रायमरीला आलेल्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी लोकांनी घेतला. अध्यक्षपदाच्या पातळीवरही हेच घडते. २०१६ मध्ये दोन्ही पक्षांत चुरस असूनही पात्र मतदारांपैकी तीस टक्क्यांहून कमी लोकांनी प्रायमरीत भाग घेतला.

उपाय सुचवले गेले आहेत. देशाचे प्रादेशिक गट पाडून दर चार वर्षांनी पहिला मान फिरता ठेवावा, असा प्रस्ताव राज्यांच्या निवडणूक अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने मांडून पाव शतक झाले. न्यू जर्सीच्या मतदाराला त्याने न्याय मिळेल. पसंतिक्रमाने मतदान केले, तर विखुरलेल्या मतांतून अल्पमताचा उमेदवार पुढे जाणार नाही. २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ते करूनही पाहिले. एकाच दिवशी देशभर प्रायमरी घ्यावी, असेही काही म्हणतात. मला ते धोक्याचे वाटते, कारण मग आधीपासून प्रसिद्ध आणि श्रीमंत असलेल्यांखेरीज कोणी टिकणार नाही. कार्टर किंवा ओबामा यांना छोट्या राज्यांतूनच पाय रोवता आले.

यांहून गरजेची सुधारणा सहकाऱ्यांच्या हमीची आहे. मतदान सुरू होण्यापूर्वी पक्षाच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी प्रत्येक इच्छुकाची जाहीर मुलाखत घ्यावी आणि तो या पदाला लायक आहे की नाही यावर उघडपणे मत नोंदवावे. निर्णय मतदारांचाच राहील, पण तो अंधारात होणार नाही. हे हॉटेलच्या खोलीत परत जाणे नव्हे, कारण हमी देणाऱ्याचे नाव सर्वांपुढे असेल आणि हमी चुकली तर जाब त्यालाच द्यावा लागेल. अण्वस्त्रांचे अधिकार हाती येणाऱ्या माणसाची, त्याच्याबरोबर काम केलेल्या एकाही जबाबदार व्यक्तीने जाहीर पारख केलेली नसावी, ही आजची सर्वांत मोठी उणीव आहे. ती भरून काढायला घटनादुरुस्ती लागत नाही. १९६९ च्या आयोगाने सारी पद्धत पक्षाच्या नियमांतून बदलली होती, आणि ते नियम लिहिण्याचा अधिकार दोन्ही पक्षांकडे आजही आहे.